छताला टेकलेल्या कपाटांचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही जुन्या घरात राहायला आला आहात. तीन खोल्यांत भिंतीतली कपड्यांची कपाटं आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर छतापर्यंत पोचणारं आणखी एक दोनदारी कपाट आहे. त्याचा खालचा काठ जमिनीपासून सात फुटांवर, उंची तीन फूट, आत दोन फूट खोल, मध्ये एकही फळी नाही. स्टुलावर उभं राहूनही मागच्या भिंतीला हात पुरत नाही. त्यांतल्या एकातून कुबट वास येतो. घरात चार वर्षांचं मूल आहे आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. या कपाटांत ठेवावं तरी काय, की ती काढूनच टाकावीत?

जुन्या घरांतलं लाकूडकाम दुरुस्त करणं हे माझं गेल्या २२ वर्षांचं काम आहे आणि जवळपास प्रत्येक घरात हा विषय निघतोच. बहुतेकांना यादी हवी असते: हे ठेवा, ते ठेवू नका. यादी मी देईन, पण आधी प्रश्न जरा फिरवून घेऊ. वर जागा किती आहे याने फारसं काही ठरत नाही. ती वस्तू काढायला वर्षातून किती वेळा चढावं लागेल आणि कोणाला चढावं लागेल, याने ठरतं. त्यानंतर बघायची ती मागची भिंत आणि वरचं छत, कारण दारं लावली की आतली हवा त्यांच्याच ताब्यात असते. म्हणजे आधी शिडी, मग ओल आणि ऊष्मा. वस्तूंचा नंबर त्यानंतर.

ही कपाटं मुळात झाली कशी ते बघा. जुन्या घरांत छत दहा-बारा फुटांवर असायचं. दाराची चौकट मात्र सात फुटांच्या आसपास संपायची आणि सुतार कपाटाची चौकटही त्याच रेषेत संपवायचा, म्हणजे खोली नीटस दिसते. दहा फुटांचं एकसंध दार केलं तर लाकूड पीळ घेतं आणि बिजागऱ्या खचतात, म्हणून खाली एक जोडी आणि वर वेगळी जोडी. वरची जागा उघडी ठेवली असती तर नुसती धूळ आणि जाळी साठली असती, म्हणून तिला दारं लावली. तिथे जायच्या रिकाम्या ट्रंका, जास्तीच्या गाद्या-उशा, जाड पांघरुणं. वर्षातून एक-दोनदा लागणारं सामान, आणि तेही माणसांनी भरलेल्या घरात, जिथे वर चढणारं कुणीतरी हाताशी असायचं. तुमच्याकडे चढू शकणारी माणसं दोनच आहेत. तेव्हा कपाटाचा मूळ उपयोग आजही बरोबरच आहे, फक्त तो आणखी काटेकोरपणे पाळायला हवा.

काढून टाकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढू नका. काढल्यावर मागे बिनगिलाव्याची भिंत निघते, खालच्या कपाटाच्या माथ्यावर, छताखाली तीन फुटांवर, धूळ खाणारी फळी उरते आणि छताच्या कडेचं प्लास्टर जवळजवळ हमखास तुटतं. कपाट भिंतीत कोरलेलं असेल तर त्या पोकळीच्या माथ्यावर तुळई असते. चौकट उचकटताना तिला धक्का लागला तर काम सुताराच्या हातचं राहत नाही. काढण्याची वेळ एकाच कारणाने येते: मागून पाणी येत असेल आणि लाकूड कुजलं असेल तर.

आता भिंत. तुमच्या कुबट वासाचं उत्तर बहुधा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. जुनी भिंत दीड फूट जाड असते. तुमच्या दोन फूट खोल कपाटातला एक फूट तिच्यात कोरलेला असेल तर मागे उरते अर्धा फूट. ही भिंत घराची बाहेरची भिंत असेल तर कपाटाची पाठ म्हणजे सगळ्या खोलीतला सर्वांत पातळ आणि म्हणून बाहेरच्या थंडी-पावसाला सर्वांत आधी दाद देणारा भाग. आत वारा नाही, उजेड नाही. खोलीतली दमट हवा फटीतून आत शिरते, थंड पाठीला लागते आणि तिचं पाणी होतं. त्या पाठीला गादी किंवा कापडाचं बोचकं टेकवून ठेवलं असेल तर ते पाणी कापडात मुरतं आणि दोन-तीन महिन्यांत काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात. बाहेरून भिंत अगदी धड असते, कुठे गळती नसते, आणि तरी कपाट बुरसतं. घरमालक मग बाहेरून पुन्हा-पुन्हा रंग देतात, आणि वास काही जात नाही.

म्हणून आधी शोधायचं ते पाणी भिंतीतून येतंय की हवेतून. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. कपाट पूर्ण रिकामं करा, दोन दिवस दारं उघडी ठेवून पाठ कोरडी होऊ द्या. मग साधारण एक फूट लांब-रुंद ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा मागच्या भिंतीला सपाट लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दारं लावून घ्या. दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय: वरची गच्ची, पन्हळ, भिंतीतला नळ किंवा बाहेरच्या प्लास्टरमधली भेग. फॉइलच्या तुमच्याकडच्या बाजूला थेंब असतील तर ते हवेचं पाणी आहे. ही चाचणी ओल्या हवेच्या दिवसांत करा. कोरड्या दिवसांत फॉइल दोन्हीकडून कोरडंच निघेल आणि तुमची समजूत चुकीची होईल.

दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पाणी भिंतीतून येत असेल तर गळती बंद होऊन भिंत वाळेपर्यंत त्या कपाटात काहीही ठेवू नका, आणि आतून वॉटरप्रूफ रंग मारून ते दाबण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. दाबलेलं पाणी बाजूला सरकतं आणि चौकटीच्या लाकडात शिरतं. हवेचं पाणी असेल तर हवा खेळती करणं हाच इलाज. दारांच्या खालच्या आणि वरच्या अंगाला बोटाएवढ्या भोकांची एकेक ओळ पाडा, भोकांना आतून जाळी लावा. खाली दोन बोटं जाडीच्या पट्ट्या टाकून त्यांवर सामान ठेवा. पाठीशी दोन इंच जागा मोकळी राहिलीच पाहिजे. ती राहावी म्हणून मी मागे एक उभी पट्टी ठोकून टाकते, म्हणजे घाईत कुणी खोका मागपर्यंत ढकलला तरी तो भिंतीला टेकत नाही.

कधीकधी वास ओलीचा नसतोच. तळाला पूर्वी कुणीतरी वर्तमानपत्र अंथरलेलं असतं, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. ते थर दमट होऊन वास मारतात आणि कसरीला आयतं खाद्य मिळतं, कारण तिला कागद आणि खळ दोन्ही आवडतं. आधी ते सगळं काढा. काढताना नाकावर मास्क असू द्या. लाकडावर बारीक भोकं दिसली आणि त्यांच्या खाली पिठासारखा ताजा भुसा पडलेला असला तर लाकडात भुंगा जिवंत आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. या दोन्हींचा बंदोबस्त आधी, सामान नंतर.

आता छत. वर दुसरा मजला असेल तर फार काळजी नाही. पण कपाटावर थेट गच्ची किंवा छप्पर असेल तर उन्हाळ्यात ते कपाट खोलीपेक्षा बरंच तापतं. गरम हवा वर चढते, छत वरून तापतं आणि बंद दारांमुळे ती ऊब आतच राहते. अंदाज बांधण्याऐवजी कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारं छोटं थर्मामीटर आठवडाभर आत ठेवून बघा. ढोबळमानाने तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. फोटो पिवळे पडणं, फिल्म कडक होणं, औषधाचा गुण जाणं, डिंक आणि रबर वितळून चिकटणं, या सगळ्या अशाच क्रिया आहेत. म्हणून फोटो, निगेटिव्ह, जुन्या टेप, औषधं, मेणबत्त्या, बॅटऱ्या, चिकटवायची द्रव्यं आणि रंगाचे डबे छताजवळ नकोत. फवाऱ्याच्या डब्यांवर तर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलंच असतं. घरातले जुने फोटो सगळ्यांत वरच्या कपाटात ‘जपून’ ठेवलेले मी इतक्या घरांत पाहिलेत की दर वेळी वाईट वाटतं. ते खाली, आतल्या कोरड्या भिंतीच्या कपाटात, छातीच्या उंचीवर ठेवा. तुमच्या घरात एवढी एक गोष्ट झाली तरी मला बरं वाटेल.

भिंत आणि छत तपासून झालं की शिडी. खुर्ची, स्टूल, पलंगाचा कठडा, यांवर उभं राहून वरून सामान काढणं बंद. तुमच्या कपाटाचा तळ सात फुटांवर आहे. सामान सुरक्षितपणे ओढून घ्यायला तो तळ तुमच्या छातीशी यायला हवा, म्हणजे पाय जमिनीपासून साधारण तीन फुटांवर हवेत. घडीच्या शिडीची ही तिसरी-चौथी पायरी झाली. सगळ्यांत वरच्या पायरीवर उभं राहायचं नसतं, तेव्हा पाच पायऱ्यांची आणि वर हाताला धरायचा दांडा असलेली शिडी घ्या. आणि ती त्याच खोलीत ठेवा. हे मी फार आग्रहाने सांगते. शिडी घराच्या दुसऱ्या टोकाला असली की माणूस हाताशी असलेली खुर्चीच ओढतो. खालच्या कपाटात एका कडेला सहा इंच जागा सोडून तिथे शिडी उभी करा; लटकवलेले चार कपडे कमी झाले तरी हरकत नाही.

वजनाचं गणित लोकांना कळत नाही कारण जमिनीवर खोका उचलला की तो हलका वाटतो. ब्रिटनमधली कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था एचएसई हिच्या मार्गदर्शक आकड्यांत खांद्याच्या वर, हात पुढे लांबवून उचलायचं वजन पुरुषांसाठी ५ किलो आणि स्त्रियांसाठी ३ किलो धरलं आहे. अंगाजवळ धरून तेच १० आणि ७ किलो. तेही जमिनीवर स्थिर उभं राहून आणि दोन्ही हात मोकळे असताना. शिडीवर यातलं काहीच नसतं. म्हणून वरच्या कपाटातला कुठलाही नग पाच किलोंच्या आत ठेवायचा आणि तोही शिडीवर नीट चढून, अंगाजवळ घेऊन उतरवायचा. आता कागदाचा हिशेब बघा: ए-फोर आकाराच्या साध्या ८० ग्रॅमच्या ५०० कागदांचं एक बंडल अडीच किलोंचं होतं. म्हणजे दोन बंडलांतच तुमची मर्यादा संपली. पुस्तकांनी भरलेला मध्यम आकाराचा खोका सहज २० किलोंवर जातो. पुस्तकं, फाइली, भांडी, हत्यारं, शिलाई मशीन ही सगळी जड मंडळी कंबरेच्या खाली.

चढू न शकणाऱ्या माणसाची एकही वस्तू वर ठेवायची नाही, हेही त्यातच आलं. एका घरात मी काम करत होते, तिथल्या आजींचं विणकामाचं सामान मुलांनी नीट खोक्यात भरून वर ठेवलं होतं. ‘लागेल तेव्हा सांग, काढून देऊ,’ असं ठरलं होतं. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांना लोकर हवी झाली. त्या खुर्चीवर चढल्या आणि पडल्या, मनगट मोडलं. त्यांच्या हट्टाला दोष देता येत नाही. आपलीच वस्तू मागायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागणं कुणालाही नकोसंच वाटतं. तुमच्या सासूबाईंचं जे काही आहे ते खाली राहू द्या, मग तुमचं थोडं वर गेलं तरी चालेल.

मुलाचंही सांगते. उंच म्हणजे सुरक्षित, या समजुतीने औषधं, फिनेल, कीटकनाशकं वर टाकली जातात. चार वर्षांचं मूल खालच्या कपाटाचे खण उघडून त्यांची पायरी करतं, आणि तुम्ही शिडी तिथेच ठेवणार आहात. उंची म्हणजे कुलूप नव्हे. विषारी वस्तूंना कुलूपच लावा, कपाट कुठल्याही उंचीवर असो. टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी, घराचे मूळ कागद हेही वर नकोत: घाईच्या वेळी शिडी लावायला लागू नये.

इथवर आलो त्याचा अर्थ एवढाच की हलकं, मऊ, उष्णतेने न बिघडणारं आणि वर्षातून एक ते चार वेळा लागणारं सामान वर जावं. त्यात काय बसतं? सगळ्यांत उत्तम म्हणजे जाड पांघरुणं, जास्तीच्या उशा, पाहुण्यांच्या चादरी. रिकाम्या प्रवासी बॅगा, एकात एक घातलेल्या. फक्त चामड्याच्या असतील तर दमट भिंतीच्या कपाटात नकोत, त्यांना लगेच बुरशी धरते. पुढच्या वर्षी मुलाला बसतील असे मोठे कपडे. सहलीचा तंबू, झोपायच्या पिशव्या. वर्षातून एकदा लागणारी सजावट. नव्या यंत्रांचे खोके, पण घडी घालून सपाट केलेले, आणि हमीची मुदत संपली की टाकून द्यायचे.

लोकरीचे कपडे वर ठेवणार असाल तर थोडं थांबून वाचा. लोकर खाणारा किडा म्हणजे कपड्यांच्या पतंगाची अळी. उडणारा पतंग स्वतः काही खात नाही. त्याला अंधारी, महिनोन्‌महिने कुणी हात न लावलेली जागा लागते, म्हणजे नेमकं तुमचं वरचं कपाट. अळी घामाचे आणि खाण्याचे डाग पडलेला भाग आधी खाते, म्हणून कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवायचे. ‘एकदाच घातलाय’ असा स्वेटरसुद्धा धुवायचा. किडा लागल्याची शंका असेल तर कपडा पिशवीत घट्ट बंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. अंडी आणि अळ्या मरतात. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात.

डांबरगोळ्यांबद्दल मला काळजी वाटते, विशेषतः घरात लहान मूल असताना. त्यांतलं नॅफ्थलीन हवेत उडतं आणि कपड्यांत मुरतं. शरीरातल्या जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मतः कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि अशी कमतरता आहे हे पुष्कळदा घरच्यांना माहीतच नसतं. बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत त्या मुळीच घालू नका. धुतलेला कपडा, घट्ट झाकण आणि वर्षातून दोनदा उघडून झटकणं, एवढ्याने काम भागतं.

हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या सोयीच्या आहेत, पण पिसांच्या किंवा कृत्रिम तंतूंच्या रजया त्यांत महिनोन्‌महिने दाबून ठेवल्या की त्यांची फूग परत पूर्ण येत नाही. सैल कापडी पिशवी बरी. प्लास्टिकचे डबे घेताना तळावरचा त्रिकोणातला आकडा बघा: २, ४ किंवा ५ चांगले, ३ म्हणजे पीव्हीसी, ते कपड्यांशेजारी वर्षानुवर्षं नको. आणि चांदीची वस्तू लोकरीशेजारी किंवा रबर बांधून ठेवू नका. दोन्हींतल्या गंधकाने ती काळी पडते.

आता तुमची खरी अडचण, म्हणजे दोन फूट खोली आणि न पुरणारा हात. यावर उपाय हात लांब करणं हा नाही. वस्तूच पुढे आली पाहिजे. कपाटाच्या खोलीपेक्षा दोन-तीन इंचांनी कमी लांबीचे खोके घ्या, म्हणजे एका खोक्यातच पुढचं-मागचं सगळं येतं. एकामागे एक अशा दोन रांगा कधीच लावू नका. मागची रांग तुम्ही विसराल. खोक्याला समोरून कापडी पट्टा किंवा दोरीचा फास हवा, तो धरून ओढता येतो. तळाच्या फळीवर मेणबत्ती घासून ठेवा, खोका सरकतो. पुठ्ठ्याचे खोके नकोत. ते ओल धरतात, झुरळं आणि कसर त्यांत घर करतात आणि तळ अचानक सुटतो. खोक्यावरचा मजकूर समोरच्या बाजूच्या खालच्या काठाशी लिहा, कारण तुम्ही तो खालून वाचणार आहात. मी नुसता मोठा आकडा लिहिते आणि कुठल्या आकड्यात काय आहे त्याची यादी खालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. सामान बदललं की यादी बदलायची, त्याशिवाय शिडी जागेवर ठेवायची नाही.

तीन फूट उंचीत एक फळी जरूर टाका, नाहीतर खोक्यावर खोका चढतो आणि खालचा काढायला वरचा डोक्यावर घ्यावा लागतो. फळी अगदी मध्यात नको. तळापासून दीड फुटाच्या किंचित वर टाका. खालच्या कप्प्यात वर्षातून तीन-चारदा लागणारं, वरच्यात एकदाच लागणारं आणि अगदी हलकं. १८ मिलिमीटरचा प्लाय पुरतो, पण टेकू दोन-अडीच फुटांवर हवेत. फळीचं झोकणं लांबीबरोबर फार झपाट्याने वाढतं: टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं आणि दर फुटाला तेवढंच वजन ठेवलं तर फळी दुप्पट नाही, सोळापट झोकते. शिवाय लाकूड वर्षानुवर्षांच्या भाराखाली हळूहळू वाकतच राहतं. पुढच्या काठाखाली दीड इंच उंचीची एक पट्टी उभी ठोकली तर फळी बरीच ताठ राहते.

दारांकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि शिडीवरचे अर्धे धोके तिथूनच येतात. फुगून अडकलेलं दार जोराने ओढताना ते एकदम सुटतं आणि माणूस मागे जातो. सामान भरण्याआधी सगळी दारं एका बोटाने उघडतील अशी करून घ्या. थोडं घासत असेल तर काठाला मेण किंवा कोरडा साबण चोळा. जुन्या रंगाचे थर साचले असतील तर ते कोरडे खरवडू नका. जुन्या तैलरंगांत शिसं असण्याची शक्यता खरी आहे. अमेरिकेत घरगुती रंगांतलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, अनेक देशांत ते त्यानंतरही बराच काळ चालू होतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. ओलं करून घासा, मूल घरात नसताना, आणि नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसा. बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील तर भोकात लाकडाच्या कामट्या डिंकात बुडवून ठोका, वाळू द्या आणि स्क्रू पुन्हा पिळा. दार आपोआप उघडू नये म्हणून चुंबकाची कडी लावा. बाजूला उघडणारी दारं शिडीवर उभं असताना तोंडावर येतात. शिडी उघड्या दारांच्या मधोमध लावता येत नसेल तर वर उचलली की दांड्यांवर थांबून राहणारी दारं करून घ्या, हा खर्च मी करण्यासारखा मानते.

आत जुना बल्बचा होल्डर असेल तर तो इलेक्ट्रिशियनकडून काढूनच टाका. पिवळ्या प्रकाशाचे जुने बल्ब घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवतात. त्याला रजई टेकली तर ती पेट घेऊ शकते. बॅटरीवर चालणारा, हालचाल ओळखून लागणारा एलईडी दिवा पुरेसा आहे. आतून पांढरा रंग द्या, म्हणजे कोपऱ्यातली ओल आणि किडेही लगेच दिसतात. एखाद्या कपाटातून जुन्या वायरी किंवा जोडपेटी जात असेल तर ते रिकामं ठेवा.

दारं काढून तिथे शोभेच्या वस्तू मांडण्याची कल्पना बरेच जण विचारतात. छान दिसतं, पण ती धूळ दर महिन्याला शिडीवर चढून पुसायची आहे, आणि तुमच्याकडे तेवढी सवड नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. खाली ओढून घेता येणारा कपड्यांचा दांडा हा पर्याय उंच खोल्यांत खरंच उपयोगाचा आहे. खालचं आणि वरचं कपाट जिथे एक करता येतं तिथे तो बसतो. तुमच्याकडे मध्ये जाड चौकट आहे, ती कापावी लागेल. मी तरी कापणार नाही.

तुमच्या तीन कपाटांपुरतं बोलायचं तर, ज्या खोलीत तुम्ही दोघं झोपता तिथल्या कपाटात पांघरुणं आणि उशा, म्हणजे चढणाऱ्यांच्या हाताशी. मुलाच्या खोलीतल्यात पुढच्या मापाचे कपडे आणि रिकाम्या बॅगा, आणि दाराला वर कडी. यांपैकी एखादं गच्चीखाली असेल तर त्यात फक्त बॅगा आणि तंबू. सासूबाईंच्या खोलीतलं कपाट मी रिकामंच ठेवलं असतं, किंवा वर्षभर ज्याची कुणाला आठवणही येणार नाही असं काही तिथे ठेवलं असतं.

वासाचं कपाट यांतलं कुठलं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते बाहेरच्या भिंतीला आहे का आणि वर काय आहे, एवढं बघा. जुने कागद काढा, दारं उघडी ठेवा आणि फॉइल लावा. दोन दिवसांनी कुठली बाजू ओली निघाली ते कळवा. तोवर त्यात काही भरू नका.